आगमनकाळ : प्रतीक्षेतून येणारे नवेपण

ख्रिस्ती मंडळीचे उपासनावर्ष १ जानेवारीला सुरू होत नाही, नाताळच्या दिवशीही होत नाही. ते सुरू होते नाताळपूर्वीच्या चौथ्या रविवारी, आणि त्या रविवारपासून २४ डिसेंबरच्या सायंकाळपर्यंत चालणाऱ्या कालखंडाला मराठी ख्रिस्ती समाज आगमनकाळ म्हणतो. ३० नोव्हेंबर या संत आंद्रियाच्या सणाला सर्वांत जवळचा जो रविवार, तो या काळाचा पहिला दिवस. त्यामुळे तो २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान केव्हाही येऊ शकतो आणि आगमनकाळ २२ ते २८ दिवसांचा होतो. २०२२ साली नाताळ रविवारी आल्यामुळे हा काळ पुरा २८ दिवस चालला, तर पुढच्याच वर्षी चौथा रविवार आणि नाताळची पूर्वसंध्या एकाच दिवशी पडल्याने तो २२ दिवसांत संपला. लांबी अशी कमीजास्त झाली तरी रविवार मात्र चारच असतात, आणि या चार रविवारांच्या वाचनांत, प्रार्थनांत व रंगांत एक सलग विचार गुंफलेला असतो. तो विचार नीट लक्षात घेतला म्हणजे वर्षारंभाला नव्या संकल्पांचा गाजावाजा न करता मंडळी वाट पाहत का बसते, हे कळू लागते.

बाहेरून पाहणाऱ्याला, आणि खरे तर अनेक ख्रिस्ती कुटुंबांनाही, हे दिवस नाताळच्या तयारीचे वाटतात. घरांवर कागदी तारे टांगले जातात, गोठ्याचा देखावा उभा राहू लागतो, गोव्याच्या स्वयंपाकघरांत नेवऱ्या आणि दोदोल यांची लगबग सुरू होते, आणि या साऱ्यातला आनंद खोटा मुळीच नाही. मात्र पहिल्या रविवारी उपासनेत वाचला जाणारा शुभवर्तमानातील, म्हणजे येशूच्या जीवनकथेतील, उतारा बेथलेहेमच्या गोठ्याविषयी नसतोच. तो असतो काळाच्या अंताविषयी, प्रभूच्या अनपेक्षित येण्याविषयी, आणि त्यातली मुख्य आज्ञा जागे राहण्याची असते. मराठी वाचकाला येथे चातुर्मासाची आठवण होणे स्वाभाविक आहे, कारण तोही संयमाचा आणि वाट पाहण्याचा काळ आहे. तेथे आषाढी एकादशीला देव निजतो, भक्त व्रते सांभाळत राहतात आणि कार्तिकी एकादशीला देवाच्या जागे होण्याचा सोहळा होतो, तर आगमनकाळाची धारणा अशी की देव जागाच आहे आणि निघालेलाही आहे, झोप मोडायची आहे ती माणसाची. नवीकरणाची ख्रिस्ती कल्पना येथून सुरू होते. माणसाने आधी स्वतःला सुधारावे आणि मग देवाने यावे असा हा क्रम नसून, कोणीतरी आपल्याकडे येत आहे हे कळल्यामुळे माणूस उठतो, घर झाडतो आणि दाराकडे कान लावतो, असा हा क्रम आहे.

हा काळ एकाएकी ठरवला गेला नाही. पहिल्या तीन शतकांत नाताळचा सणच सर्वत्र रूढ झालेला नव्हता, तेव्हा त्याच्या तयारीचा वेगळा काळ असण्याचा प्रश्नच नव्हता. स्पेनमधील सारागोसा येथे इसवी सन ३८० मध्ये भरलेल्या धर्मसभेने, म्हणजे बिशपांच्या निर्णय घेणाऱ्या बैठकीने, १७ डिसेंबरपासून ६ जानेवारीच्या प्रकटीकरणाच्या सणापर्यंत कोणीही चर्चपासून दूर राहू नये असा नियम केला, आणि आगमनकाळाच्या इतिहासातील सर्वांत जुन्या खुणांमध्ये या नियमाची गणना होते. पाचव्या शतकात आजच्या फ्रान्समधील तूर येथील बिशप पेर्पेतुअस यांनी ११ नोव्हेंबरच्या संत मार्टिनच्या सणापासून नाताळपर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपवासाची प्रथा घालून दिली; पुढच्या शतकात त्या प्रदेशातील धर्मसभेने ती बंधनकारक केली आणि लोक तिला संत मार्टिनचा उपवासकाळ म्हणू लागले. म्हणजे उत्तरेकडे या दिवसांचा भर पश्चात्तापावर होता. रोममध्ये मात्र त्याचे वळण अधिक आनंदी होते; इसवी सन ५९० ते ६०४ या काळात पोप असलेल्या थोर ग्रेगरी यांच्या सुमारास तेथे चार रविवारांची मांडणी स्थिर होत गेली, आणि पुढे या दोन प्रवाहांच्या संगमातून आजचा आगमनकाळ घडला. मिलान शहरात संत अँब्रोज यांच्या नावाने चालणाऱ्या उपासनापद्धतीत आजही सहा रविवार पाळले जातात. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत १५ नोव्हेंबरपासून ४० दिवसांचा उपवास असतो, आणि केरळातील सिरो-मलबार ख्रिस्ती कुटुंबे १ डिसेंबरपासून २५ दिवस मांस-मासे वर्ज्य करून नाताळची वाट पाहतात.

पश्चात्ताप आणि आनंद यांचे हे मिश्रण कॅथलिक उपासनेच्या बारीकसारीक तपशिलांत अजून दिसते, आणि त्याकडे लक्ष दिले पाहिजे, कारण धर्माचा विचार पुष्कळदा ग्रंथांपेक्षा विधींत अधिक स्पष्ट सापडतो. या काळात धर्मगुरूची वस्त्रे जांभळी असतात, आणि जांभळा हा नाताळच्या शुभ्र रंगाआधीचा आत्मपरीक्षणाचा रंग आहे. रविवारच्या मिस्सात, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस अर्पण करण्याच्या सामुदायिक उपासनेत, एरवी गायले जाणारे गौरवगान या चार रविवारी गात नाहीत. त्या गीताची सुरुवात लूककृत शुभवर्तमानात देवदूतांनी येशूच्या जन्मरात्री गायलेल्या स्तुतीतून आलेली असल्याने ते महिनाभर राखून ठेवले जाते आणि नाताळच्या रात्री, घंटांच्या नादात, पहिल्यांदाच ऐकल्यासारखे पुन्हा ऐकवले जाते. ओठांवर बसलेले गाणे काही काळ ओठांवरून दूर करावे आणि मग ते परत द्यावे, यापेक्षा नवीकरणाची साधी रीत सुचणे कठीण आहे. दुसरीकडे, ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या प्रायश्चित्तकाळात जे आलेलुया पूर्णपणे गप्प होते, ते आगमनकाळात गप्प होत नाही, कारण हा शोकाचा काळ नव्हे. तिसऱ्या रविवारी तर जांभळ्या वस्त्रांऐवजी गुलाबी वस्त्रे घालण्याची मुभा असते. अर्धी वाट सरली, येणारा जवळ आला, म्हणून हा आनंदाचा रविवार.

१९६९ साली प्रसिद्ध झालेल्या रोमन उपासनादिनदर्शिकेच्या नियमांत आगमनकाळाचे दुहेरी स्वरूप स्पष्ट केलेले आहे. येशूचे पहिले आगमन, म्हणजे त्याचा जन्म, स्मरणात आणणे हा त्याचा एक भाग आणि काळाच्या अखेरीस होणाऱ्या त्याच्या पुनरागमनाकडे मन वळवणे हा दुसरा. त्यानुसार १६ डिसेंबरपर्यंतचे दिवस प्रामुख्याने दुसऱ्या आगमनाच्या छायेत असतात, आणि १७ डिसेंबरपासूनचा आठवडा बेथलेहेमकडे वळतो. त्या आठवड्यात, १७ ते २३ डिसेंबर या सात सायंकाळी, येशूची आई मरिया हिच्या स्तुतिगीताआधी म्हटली जाणारी सात प्राचीन आवाहने आठव्या शतकापर्यंत तरी रोममध्ये रूढ झालेली होती. प्रत्येक आवाहन येणाऱ्याला वेगळ्या नावाने हाक मारते: प्रज्ञा, प्रभू, इशायाचे मूळ, दाविदाची किल्ली, उगवता सूर्य, राष्ट्रांचा राजा आणि शेवटी इम्मानुएल, म्हणजे आपल्याबरोबर असलेला देव. सातही नावे हिब्रू धर्मग्रंथातून घेतलेली आहेत, आणि प्रत्येकाचा शेवट ये या विनवणीने होतो.

भूतकाळातला जन्म आणि भविष्यातले पुनरागमन या दोन टोकांमध्ये आजच्या माणसाचे काय, हा प्रश्न उरतोच, आणि त्याचे सर्वांत सुंदर उत्तर बाराव्या शतकातील फ्रेंच मठाधिपती क्लेअरव्होचे संत बर्नार्ड यांनी दिले. १०९० ते ११५३ हा त्यांचा जीवनकाळ. आगमनकाळावरील आपल्या प्रवचनांत त्यांनी ख्रिस्ताचे आगमन दोनदा नव्हे तर तीनदा होते असे मांडले: पहिले देहात आणि दुर्बलतेत, शेवटचे वैभवात, आणि या दोहोंच्या मधले गुप्तपणे, माणसाच्या अंतःकरणात. पहिले सर्वांनी पाहिले, शेवटचे सर्वांना दिसेल, मधले मात्र ज्याच्यात घडते त्यालाच कळते. पहिल्या आगमनापासून शेवटच्यापर्यंत घेऊन जाणारा रस्ता म्हणजे हे मधले आगमन, असे बर्नार्ड म्हणतात. या मांडणीने आगमनकाळाला स्मरणोत्सवाच्या चौकटीतून बाहेर काढले. दोन हजार वर्षांपूर्वीच्या घटनेची आठवण ठेवणे हे इतिहासाचे काम, जगाच्या अंताची कल्पना करणे हे दूरच्या आशेचे काम, पण आज, या घरात, या मनात कोणीतरी येऊ पाहत आहे आणि त्याला जागा आहे की नाही, हा वर्तमानाचा प्रश्न आहे. आगमनकाळाच्या आध्यात्मिक अर्थाचा गाभा या मधल्या आगमनात आहे, आणि जे लेखन वा प्रवचन त्याला वगळते ते कितीही भाविक असले तरी अपुरे राहते.

चार रविवारांच्या वाचनांत सर्वाधिक ऐकू येणारा आवाज यशया या संदेष्ट्याचा असतो. संदेष्टा म्हणजे भविष्य सांगणारा ज्योतिषी नव्हे. आपल्या काळातील अन्यायाकडे बोट दाखवून देवाच्या वतीने राजाला आणि प्रजेला बोलणारा माणूस, असा त्या शब्दाचा इस्राएली परंपरेतील अर्थ आहे. यशयाच्या नावाने असलेला ग्रंथ एकाच काळात लिहिला गेला नाही असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्याचा पहिला भाग ख्रिस्तपूर्व आठव्या शतकातील, अश्शूरी साम्राज्याचे सैन्य यरुशलेमच्या वेशीकडे सरकत असतानाचा, तर चाळिसाव्या अध्यायापासूनचा भाग बाबेलच्या बंदिवासातला आहे. ख्रिस्तपूर्व ५८७ च्या सुमारास यरुशलेम पडले, मंदिर जळाले आणि लोकांतील प्रमुख कुटुंबे बाबेलला नेली गेली. ज्यांचे सर्व काही गेले होते अशा लोकांना उद्देशून तो अध्याय सांत्वनाच्या शब्दाने उघडतो आणि रानात रस्ता तयार करण्याची हाक देतो, दऱ्या भरून काढाव्यात, डोंगर सपाट व्हावेत, वाकडे सरळ व्हावे असे म्हणतो. राजाची स्वारी येणार म्हटली की रस्ते नीट करण्याची प्राचीन पूर्वेकडील रीत या प्रतिमेमागे आहे. येथे मात्र येणारा राजा जिंकणारा नाही, तर आपल्या हरवलेल्या लोकांना घरी घेऊन जाणारा आहे.

यशयाची इतर चित्रेही या काळात एकामागून एक समोर येतात: तोडलेल्या झाडाच्या बुंध्यातून फुटणारा कोंब, तलवारींचे नांगराचे फाळ करणारी राष्ट्रे, फुललेले वाळवंट. तोडलेला बुंधा म्हणजे दाविदाचे संपल्यासारखे वाटणारे राजघराणे. आवाहनांत उल्लेखलेला इशाया हा दाविदाचा पिता, आणि हा बुंधा त्याच्याच वंशाचा. आगमनकाळाने हेच चित्र का निवडले याचा विचार केला तर नवीकरणाविषयीची त्याची धारणा उलगडते. जे टवटवीत आहे त्याचे नवीकरण होत नसते. जेथे कुऱ्हाड चालली आहे, जेथे आता काही उगवणार नाही असे सर्वांनी गृहीत धरले आहे, तेथूनच कोंब येतो. आणि हा कोंब केवळ एका व्यक्तीच्या मनःशांतीचा नाही. यशयाच्या दृष्टीने त्याच्याबरोबर न्याय येतो, गरिबांचा निवाडा नीट होतो, लांडगा आणि कोकरू एकत्र राहतात. म्हणजे आध्यात्मिक नवेपण आणि सामाजिक न्याय या दोन गोष्टी त्याच्या ग्रंथात मुळी वेगळ्या झालेल्याच नाहीत.

हा धागा दुसऱ्या आणि तिसऱ्या रविवारी बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या हातात जातो. लूकने त्याचा प्रवेश मोठ्या गांभीर्याने घडवला आहे: तिबेर्य कैसराच्या कारकिर्दीचे पंधरावे वर्ष, यहूदियात पंत पिलात सुभेदार, गालीलात हेरोद मांडलिक, मंदिरात महायाजक, अशी सत्तेची सारी उतरंड सांगून झाल्यावर देवाचे वचन यांपैकी कोणाकडेही न जाता रानात राहणाऱ्या एका माणसाकडे गेले असे तो लिहितो. लोक यार्देन नदीकाठी त्याच्याकडे जातात, पाण्यात बुडून बाप्तिस्मा घेतात, आणि मग एक अत्यंत व्यावहारिक प्रश्न विचारतात की आम्ही आता करावे काय. या प्रश्नाला योहानाने दिलेली उत्तरे ही आगमनकाळाच्या साऱ्या साहित्यातील सर्वांत ठोस ओळी आहेत. ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्याने एक नसलेल्याला द्यावा आणि अन्नाचेही तसेच करावे, हे त्याने सर्वसामान्य लोकांना सांगितले. ठरलेल्या रकमेपेक्षा जास्त वसूल करू नये, हे जकातदारांना. धाकदपटशा करून वा खोटे आळ घेऊन पैसे उकळू नयेत आणि आपल्या पगारात समाधान मानावे, हे शिपायांना. जकातदार त्या काळी वसुलीचा मक्ता घेत आणि मक्त्यावरची जी कमाई होईल ती खिशात घालत, तेव्हा जास्त वसूल करू नका हा सल्ला त्यांच्या धंद्याच्या मुळावरच येणारा होता.

या उत्तरांत एक गोष्ट विशेष आहे, आणि ती बहुतेक वेळा नजरेआड होते. योहान स्वतः रानात राहणारा, उंटाच्या केसांचे वस्त्र नेसणारा, टोळ आणि रानमध खाणारा विरक्त होता. तरी त्याने कोणालाही रानात यायला सांगितले नाही, जकातदाराला जकात सोडायला सांगितले नाही, शिपायाला नोकरी टाकायला सांगितले नाही. ज्याने त्याने आपापल्या जागी परत जावे आणि तेथे दुसऱ्याचे जे आपल्याकडे आले आहे ते परत करावे, एवढेच त्याचे म्हणणे. नवे होणे म्हणजे वेगळे आयुष्य शोधायला निघणे अशी जी समजूत सर्वत्र दिसते तिला हा छेद आहे. दऱ्या भरायच्या आणि डोंगर सपाट करायचे ते नकाशावरचे नसून, एकाच्या कपाटात दोन अंगरखे आणि दुसऱ्याच्या अंगावर एकही नाही ही जी उंचसखल जमीन माणसांमध्ये पसरली आहे, तिच्यातले. अनेक धर्मग्रामांत या काळात प्रायश्चित्त संस्काराची, म्हणजे धर्मगुरूपुढे पापे कबूल करून क्षमा मिळवण्याची, खास सोय केली जाते, आणि ती योग्यच आहे. परंतु योहानाच्या मापाने पाहता कबुली पूर्ण होते ती बाजारात, कचेरीत आणि घरातल्या हिशेबात.

चौथा रविवार मरियेचा आणि तिचा पती योसेफ याचा असतो. तिन्ही वाचनचक्रांत त्या दिवशी येशूच्या जन्माआधीचा प्रसंग येतो: योसेफाला स्वप्नात दूताचा संदेश, किंवा मरियेला मिळालेली वार्ता, किंवा गरोदर मरियेने आपली वयस्क नातेवाईक अलिशिबा हिची घेतलेली भेट. १९६९ पासून कॅथलिक मंडळीत रविवारची वाचने तीन वर्षांच्या चक्रात असतात आणि त्या वर्षांत अनुक्रमे मत्तय, मार्क व लूक यांची शुभवर्तमाने वाचली जातात, म्हणून हे प्रसंग आळीपाळीने येतात. मरियेची प्रतीक्षा आधीच्या साऱ्या प्रतीक्षांहून वेगळी आहे. यशया शतकानुशतके दूर असलेल्याची वाट पाहतो, योहान उद्या येणाऱ्याची. मरिया ज्याची वाट पाहते ते तिच्या आतच वाढत आहे. ती घाई करू शकत नाही आणि थांबवूही शकत नाही, फक्त त्याला आपले रक्त, आपला वेळ आणि आपले शरीर देऊ शकते. वाट पाहणे म्हणजे हातावर हात ठेवून बसणे, हा आरोप या एका उदाहरणापुढे टिकत नाही.

आगमनकाळाचे आजचे सर्वपरिचित चिन्ह म्हणजे हिरव्या डहाळ्यांच्या कड्यावर लावलेल्या चार मेणबत्त्या, ज्यांतली एकेक दर रविवारी पेटवली जाते. ही प्रथा प्राचीन नाही. योहान हिनरिख विखर्न या लुथरन पाळकांनी जर्मनीतील हँबुर्ग शहरात १८३३ साली निराधार आणि गरीब मुलांसाठी एक आश्रम सुरू केला होता; नाताळ कधी येणार हे मुले पुन्हा पुन्हा विचारीत, म्हणून १८३९ साली त्यांनी गाडीच्या एका जुन्या चाकावर आठवड्यातील दिवसांसाठी वीस लहान तांबड्या आणि रविवारांसाठी चार मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या बसवल्या, असे सांगितले जाते. हिरव्या डहाळ्या नंतर आल्या, मेणबत्त्या चारवर आल्या, विसाव्या शतकात कॅथलिकांनीही ही रीत उचलली आणि तीन जांभळ्या व एक गुलाबी असे रंग रूढ झाले. आज सुशोभित दुकानांत विकल्या जाणाऱ्या या कड्याचा जन्म औद्योगिक शहराने रस्त्यावर टाकलेल्या मुलांमध्ये झाला, ही गोष्ट विसरता कामा नये.

जर्मनीनेच शतकानंतर आगमनकाळावरचे अतिशय कठोर आणि अतिशय सच्चे चिंतन जगाला दिले, आणि ते तुरुंगातून आले. लुथरन धर्मशास्त्रज्ञ डीट्रिख बोनहॉफर यांना नाझी राजवटीने एप्रिल १९४३ मध्ये अटक करून बर्लिनच्या टेगेल तुरुंगात ठेवले होते. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात मित्राला लिहिलेल्या पत्रात त्यांनी तुरुंगातील कोठडीची आगमनकाळाशी तुलना केली: माणूस आत बसून आशा करतो, काही ना काही करत राहतो, पण दाराला कुलूप आहे आणि ते बाहेरूनच उघडता येते. पुढच्या वर्षी त्याच तुरुंगात जेझुइट धर्मगुरू आल्फ्रेड डेल्प होते. जुलै १९४४ मध्ये अटक झालेल्या डेल्प यांनी त्या डिसेंबरात, हातांत बेड्या असताना, आगमनकाळावर चिंतने लिहिली आणि ती धुण्याच्या कपड्यांबरोबर लपवून बाहेर पाठवली गेली. त्याच महिन्यात, ८ डिसेंबरला, त्यांनी आपल्या धर्मसंघाची अंतिम व्रते कोठडीतच घेतली. माणसाचे सारे आधार हादरावेत आणि त्या हादऱ्यात त्याने आपल्याविषयीचे सत्य ओळखावे, हा आगमनकाळाचा अर्थ त्यांनी मांडला. हा हादरा टाळून केलेली नाताळची रोषणाई त्यांना पोकळ वाटत होती. २ फेब्रुवारी १९४५ रोजी वयाच्या ३७ व्या वर्षी त्यांना फाशी देण्यात आली आणि ९ एप्रिलला बोनहॉफर यांनाही.

या दोघांच्या साक्षीमुळे नवीकरणाच्या कल्पनेतली एक अवघड बाजू लख्ख होते. आधुनिक माणसाला स्वतःच्या बळावर नवे व्हायचे असते. संकल्प करायचा, वेळापत्रक आखायचे आणि पार पाडायचे, असा त्याचा मार्ग. आगमनकाळ या प्रयत्नांची टवाळी करत नाही, कारण योहानाची मागणी प्रयत्नांचीच आहे, परंतु दार आतून उघडत नाही हेही तो स्पष्ट सांगतो. क्षमा, प्रेम, मृत्यूपलीकडची आशा, या ज्या गोष्टींनी माणूस खऱ्या अर्थाने नवा होतो त्या मिळवता येत नाहीत, स्वीकारता येतात. आतल्या माणसाचे काम दारापाशी जागे असणे आणि दारापुढची अडगळ काढणे, एवढेच. आणि हे एवढेच कामदेखील आयुष्यभर पुरणारे आहे.

मराठी भाषेचे या विषयाशी नाते चारशे वर्षांचे आहे. इंग्लंडमध्ये १५४९ च्या सुमारास जन्मलेले आणि १५७९ साली गोव्यात आलेले जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स, ज्यांना मराठी वाचक फादर स्टीफन्स म्हणून ओळखतो, त्यांचे ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोल येथे छापले गेले. त्याच्या पोर्तुगीज शीर्षकातच हा ग्रंथ आपला तारणारा येशू ख्रिस्त याच्या जगात येण्याविषयीचा आहे असे म्हटलेले होते. दहा हजारांहून अधिक ओव्यांचे हे पुराण दोन भागांत आहे: पहिले पुराण जगाच्या निर्मितीपासून आदामाचे पतन, अब्राहाम, मोशे, दावीद आणि संदेष्टे असा इस्राएलाचा सारा इतिहास तारणाऱ्याच्या वाटेकडे डोळे लावून सांगते, आणि दुसरे त्याचे जीवन सांगते. पुराण, कथा आणि ओवी यांची सवय असलेल्या श्रोत्यांसाठी स्टीफन्स यांनी पहिल्या भागाला दिलेला विस्तार पाहिला म्हणजे त्यांना प्रतीक्षेचे मोल किती नेमके कळले होते हे ध्यानात येते. थेट जन्मकथेपासून आरंभ करणे सोपे होते, पण ज्याची वाट पाहिली नाही अशा जन्माचा आनंद श्रोत्याला झाला नसता. पहिले पुराण हा मराठीतला सर्वांत मोठा आगमनकाळ आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होऊ नये.

गोव्यात हा काळ सुरू होताहोताच ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांचा सण येतो आणि त्याआधी नऊ दिवस प्रार्थना चालते. पाठोपाठ ८ डिसेंबरला पणजीच्या चर्चमध्ये मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाचा सण. यामुळे तेथील आगमनकाळाला यात्रेची गर्दी आणि दुकानांचा गजबजाट लाभतो, आणि त्यातली शांतता शोधावी लागते. मंडळीच्या नवीकरणाचे काही मोठे निर्णयही योगायोगाने वा योजून याच काळात आले. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेने उपासनाविधीविषयीचा आपला दस्तऐवज ४ डिसेंबर १९६३ रोजी, आगमनकाळाच्या पहिल्या आठवड्यात जाहीर केला आणि त्यामुळे लॅटिनऐवजी लोकभाषांत मिस्सा होण्याचा मार्ग खुला झाला. वसईच्या कॅथलिक समाजाला आपल्या मराठीत उपासना करता येऊ लागली ती या बदलामुळे. नवी मिस्सापद्धती अमलात आली ३० नोव्हेंबर १९६९ ला, म्हणजे आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी. आणि उत्तर भारतातील सहा प्रोटेस्टंट मंडळ्या आपापले जुने भेद बाजूला ठेवून ज्या दिवशी नागपुरात एक झाल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया अस्तित्वात आली, तो २९ नोव्हेंबर १९७० हा दिवसदेखील आगमनकाळाचा पहिला रविवारच होता.

आज या काळाला खरा धोका अश्रद्धेपेक्षा घाईचा आहे. नोव्हेंबर संपण्याआधीच बाजारात नाताळची गाणी वाजू लागतात, चार आठवडे जेवणावळी आणि खरेदी चालते, आणि २५ डिसेंबर उजाडतो तेव्हा सण शिणलेला असतो. उपासनावर्षाप्रमाणे मात्र नाताळचा काळ त्या दिवशी सुरू होऊन जानेवारीतील प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालायचा असतो. वाट न पाहता मिळालेल्या सणातून नवेपण येत नाही, हे ज्या कुटुंबांनी महिनाभर एखादा उपवास, रोज संध्याकाळी दहा मिनिटांची शांतता किंवा कोणाचे तरी जुने देणे फेडणे असे काही पाळून पाहिले आहे त्यांना सांगावे लागत नाही. ख्रिस्ती असो वा नसो, ज्या वाचकाला या काळाचा अर्थ एका बैठकीत समजून घ्यायचा असेल त्याने यशयाचा चाळिसावा अध्याय आणि लूककृत शुभवर्तमानाचा तिसरा अध्याय शेजारी ठेवून वाचावेत. बंदिवासातल्या लोकांना दिलेली रस्ता तयार करण्याची हाक लूकने जवळजवळ जशीच्या तशी उतरवून घेतली आहे, आणि आम्ही आता करावे काय हा लोकांचा प्रश्न त्याच्या थोडाच पुढे येतो.